किशोरवयीन मुले आणि ऑनलाइन ब्लॅकमेल: पालकांनी काय ओळखावे, काय बोलावे, काय करावे

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आईवडील दवाखान्यात घेऊन येतात. दोन दिवस जेवण नाही, झोप नाही, शाळेत जायला तयार नाही, पोटात दुखते म्हणतो. पोट तपासले तर काही सापडत नाही, रक्ताचे रिपोर्टही व्यवस्थित असतात. मग आईवडिलांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितले, की हळूहळू गोष्ट बाहेर येते. इन्स्टाग्रामवर एका ‘मुली’शी ओळख झाली, व्हिडिओ कॉल झाला आणि आता कोणीतरी तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवण्याची धमकी देऊन पैसे मागत आहे.

डॉक्टरांना हे चित्र आता अनोळखी राहिलेले नाही. अशा मुलांना ‘घरी का नाही सांगितलेस?’ असे विचारले, की बहुतेक वेळा दोनच उत्तरे मिळतात: ‘बाबा मारतील’ किंवा ‘फोन काढून घेतील’. ब्लॅकमेल करणारा नेमक्या याच भीतीवर जगतो. म्हणून मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेसाठी कोणते अ‍ॅप टाकावे, कोणती सेटिंग बदलावी हे महत्त्वाचे असले, तरी सगळ्यात आधी येते ती एक गोष्ट: काहीही झाले तरी मूल ते घरी सांगू शकले पाहिजे. या लेखातील बाकीच्या सूचना त्यावरच आधारलेल्या आहेत.

ऑनलाइन ब्लॅकमेल म्हणजे नेमके काय?

एखाद्याचे खासगी फोटो, व्हिडिओ किंवा चॅट जगजाहीर करण्याची धमकी देऊन पैसे, आणखी फोटो किंवा शरीरसंबंध मागणे, याला ‘सेक्सटॉर्शन’ असे म्हणतात. मुलांच्या बाबतीत ते साधारण चार प्रकारे घडते.

१. खोट्या प्रोफाइलवरून व्हिडिओ कॉल: हा प्रकार मुलग्यांच्या बाबतीत जास्त दिसतो. सुंदर मुलीच्या फोटोचे खाते मैत्रीची विनंती पाठवते. काही तासांतच बोलणे व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि व्हिडिओ कॉल होतो. समोर बहुतेक वेळा आधीच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालू असतो. मुलाची मात्र स्क्रीन रेकॉर्ड होत असते. कॉल संपताच तो व्हिडिओ आणि मुलाच्या फॉलोअर्सची यादी त्याला पाठवली जाते आणि पैशांची मागणी सुरू होते.

२. विश्वास संपादन करून फसवणे: हा प्रकार सावकाश, काही आठवडे किंवा महिने चालतो. गेममध्ये, एखाद्या ग्रुपमध्ये किंवा सोशल मीडियावर भेटलेली व्यक्ती मुलीचे किंवा मुलाचे कौतुक करते, घरच्यांबद्दलच्या तक्रारी ऐकून घेते, ‘हे आपल्या दोघांतच ठेव’ असे सांगते. मग फोटो मागितले जातात. एक फोटो मिळाला, की पुढचा धमकी देऊन मागितला जातो.

३. ओळखीच्या व्यक्तीकडून: प्रेमसंबंध असताना विश्वासाने पाठवलेला फोटो, संबंध तुटल्यावर सूड म्हणून वापरला जातो. यात समोरचा मुलगाही अनेकदा त्याच शाळेचा किंवा क्लासचा असतो.

४. बनावट फोटो: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी साध्या, कपड्यातल्या फोटोवरून नग्न फोटो तयार करता येतो. इथे मुलीने काहीच केलेले नसते. तरीही ‘घरचे विश्वास ठेवणार नाहीत’ या भीतीने ती गप्प राहते.

हुशार, समजूतदार मुलेही का फसतात?

‘एवढा अभ्यासात हुशार, आणि याला एवढे कळले नाही?’ असे पालक विचारतात. याचे एक कारण मेंदूच्या वाढीत आहे. किशोरवयात आनंद, उत्सुकता आणि बक्षीस यांना प्रतिसाद देणारे मेंदूचे भाग जोरात काम करत असतात. परिणामांचा विचार करणारा, स्वतःला थांबवणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र वयाच्या पंचविशीपर्यंत हळूहळू परिपक्व होतो. त्यातच लैंगिक कुतूहल याच वयात जागे होते, आणि तो वाढीचा नैसर्गिक भाग आहे. शिवाय हे सगळे बहुधा रात्री, एकटे असताना, झोप अपुरी असताना घडते.

दुसरे कारण म्हणजे समोरचे लोक सराईत असतात. ते दिवसभर हेच काम करतात. ‘दहा मिनिटांत पैसे टाक, नाहीतर तुझ्या आईला पाठवतो’ अशी घाई ते मुद्दाम करतात, म्हणजे मुलाला विचार करायला किंवा कोणाला विचारायला वेळच मिळू नये. मोठी, शिकलेली, कमावती माणसेही यात फसतात. त्यामुळे फसणे हा मुलाच्या चारित्र्याचा किंवा संस्कारांचा पुरावा नाही.

कोणत्या खुणांकडे लक्ष द्यावे?

यातली एखादी गोष्ट किशोरवयात सहज दिसू शकते. पण अनेक गोष्टी एकदम, अचानक सुरू झाल्या तर सावध व्हा.

• मेसेजचा आवाज आला की दचकणे, फोन उलटा ठेवणे, कोणी जवळ आले की स्क्रीन बंद करणे
• झोप उडणे, रात्रभर फोन हातात असणे
• जेवण कमी होणे, पोटदुखी, डोकेदुखी, छातीत धडधड
• अचानक पैसे मागणे, मित्रांकडून उसने घेणे, घरातले पैसे किंवा वस्तू गायब होणे, पालकांच्या यूपीआय खात्यातून न ओळखता येणारे व्यवहार
• आवडते सोशल मीडिया खाते एकाएकी बंद करणे किंवा सारखी नवी खाती उघडणे
• शाळा, क्लास, खेळ, मित्र टाळणे
• ‘मी नसतो तर बरे झाले असते’, ‘सगळे संपले’ अशी वाक्ये, आवडत्या वस्तू वाटून टाकणे

शेवटचा मुद्दा दिसला तर वाट पाहू नका. लेखाच्या पुढच्या भागात त्याबद्दल सविस्तर सांगितले आहे.

मुलाने सांगितले: पहिली पाच मिनिटे

मूल जेव्हा ‘आई, एक सांगायचंय, पण चिडू नकोस’ असे म्हणते, तेव्हाच्या तुमच्या पहिल्या दोन-तीन वाक्यांवर पुढचे बरेच काही ठरते. तुम्हाला राग येईल, भीती वाटेल, लाज वाटेल. हे साहजिक आहे. पण तो राग त्या क्षणी मुलासमोर काढू नका. पाणी प्या, शेजारी बसा, आणि असे काहीतरी म्हणा:

‘तू सांगितलंस हे फार बरं केलंस.’
‘चूक त्याची आहे, जो धमकी देतोय त्याची.’
‘यातून बाहेर पडता येतं. आता हे आमच्यावर सोड.’

हे टाळा:

• ‘तुला अक्कल नाही का? आमचं नाक कापलंस.’
• ‘असले फोटो काढलेसच कसे?’ अशी उलटतपासणी
• मारणे, फोन आपटणे, शिक्षण किंवा क्लास बंद करण्याची धमकी
• मुलाच्या समोर नातेवाइकांना फोन करून सगळे सांगणे

फोटो किंवा व्हिडिओ पाहण्याचा आग्रहही धरू नका. काय घडले हे समजण्यासाठी तो पाहणे आवश्यक नसते, आणि आईवडिलांनी तो पाहिला ही गोष्ट मुलाच्या मनात दीर्घकाळ सलत राहते.

त्यानंतर काय करावे?

१. पैसे देऊ नका. एकदा पैसे दिले की मागणी थांबेल असे वाटते. होते उलटेच. ‘हा देतो’ हे कळल्यावर रक्कम वाढते. आधीच पैसे दिले असतील तर स्वतःला दोष देत बसू नका, फक्त पुढे देणे थांबवा.

२. पुरावे जपा. धमकीचे मेसेज, समोरच्याचे यूजरनेम आणि प्रोफाइलची लिंक, फोन नंबर, यूपीआय आयडी, बँक खाते, व्यवहार क्रमांक, तारीख आणि वेळ यांचे स्क्रीनशॉट घ्या. घाबरून चॅट किंवा मुलाचे खाते डिलीट करू नका. मुलाचे आक्षेपार्ह फोटो मात्र ‘पुरावा’ म्हणून वकील, काका, शिक्षक कोणालाही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. १८ वर्षांखालील मुलाचा असा फोटो पुढे पाठवणे हाच कायद्याने गुन्हा आहे. पोलिसांना मूळ फोन दाखवता येतो.

३. मग ब्लॉक करा. पुरावे घेऊन झाले की उत्तर न देता समोरच्याला ब्लॉक करा, त्या अ‍ॅपवर रिपोर्ट करा. मुलाचे खाते खासगी करा, मित्रांची आणि फॉलोअर्सची यादी लपवा, पासवर्ड बदला.

४. तक्रार करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर फोन होईल, तितकी रक्कम बँकेतच गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर, महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे. जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. गुन्हा दुसऱ्या शहरातून झाला, हे तक्रार नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही.

५. फोटो पसरू नयेत म्हणून ‘टेक इट डाउन’ वापरा. ही १८ वर्षांखाली असताना काढलेल्या खासगी फोटोंसाठीची मोफत सेवा आहे. अमेरिकेतील बेपत्ता आणि शोषित मुलांसाठीचे राष्ट्रीय केंद्र ती चालवते. फोटो तुमच्या फोनमधून कुठेही जात नाही, फक्त त्याचा ‘डिजिटल ठसा’ तयार होतो. फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट यांसारखी सहभागी माध्यमे त्या ठशावरून फोटो ओळखून हटवतात. नाव द्यावे लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या, मेसेज कूटबद्ध असणाऱ्या अ‍ॅपवर मात्र तिचा उपयोग होत नाही.

दुसऱ्या लाटेपासून सावध राहा. ब्लॉक केल्यावर काही दिवसांनी ‘मी क्राइम ब्रँचमधून बोलतोय, त्या मुलीने आत्महत्या केली आहे, तुमच्या मुलाला अटक होईल’ किंवा ‘व्हिडिओ यूट्यूबवरून काढायचा तर पैसे भरा’ असे फोन येतात. हे तेच लोक असतात. खरे पोलीस फोनवरून पैसे मागून प्रकरण मिटवत नाहीत. असा फोन आला तर ठेवून द्या, नंबर नोंदवा आणि आधीच्या तक्रारीत जोडा.

कायदा मुलाच्या बाजूने आहे

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालील मुलगे आणि मुली दोघांनाही लागू होतो. पालकांच्या मनातली भीती कमी करणाऱ्या काही तरतुदी अशा:

• मुलाचे नाव, पत्ता, शाळा, फोटो किंवा ओळख पटेल अशी माहिती प्रसिद्ध करता येत नाही.
• मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घेता येतो. तो घेणारे अधिकारी गणवेशात नसावेत, आणि शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या पदाच्या महिला अधिकारी असाव्यात.
• मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही.
• जबाबाच्या वेळी आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत राहू शकते.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. मुलावर असा गुन्हा झाल्याचे कळले, तर ते पोलिसांना कळवणे या कायद्याने बंधनकारक आहे. डॉक्टर आणि शिक्षकांनाही ते लागू आहे. त्यामुळे डॉक्टरांनी तक्रारीबद्दल बोलणे म्हणजे विश्वासघात नव्हे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मुलांना आणि महिलांना मोफत कायदेशीर मदत मिळते.

आत्महत्येचा विचार: थेट विचारा

ब्लॅकमेलमध्ये अडकलेल्या मुलाच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका असतो तो पहिल्या काही तासांत आणि दिवसांत. ‘आता कोणाला तोंड दाखवू?’ या एका विचाराने मुले टोकाचे पाऊल उचलतात. म्हणून शांतपणे, पण स्पष्ट शब्दांत विचारा: ‘या सगळ्यामुळे जीव द्यावा असं कधी मनात आलं का?’ विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी समजून घेतंय, असे मुलाला वाटते.

उत्तर ‘हो’ आले, किंवा मूल गप्प राहिले, तर:

• त्याला एकटे ठेवू नका. रात्रीही कोणीतरी त्याच्या खोलीत झोपा.
• घरातली औषधे, शेतीची कीटकनाशके, उंदीर मारण्याचे औषध, धारदार वस्तू कुलपात ठेवा. शेतकरी घरात हे आवर्जून करा.
• त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. खासगी डॉक्टर जवळ नसतील तर जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो.
• १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास मोफत समुपदेशन मिळते, मराठीतही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मूल स्वतःही लावू शकते.
• विष किंवा गोळ्या घेतल्याची शंका असेल तर घरी उलटी करवण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, बाटली किंवा पाकीट सोबत घेऊन थेट रुग्णालयात जा.

धोका टळल्यावरही दोन-तीन आठवड्यांनंतर झोप, भूक, अभ्यास पूर्ववत होत नसेल, भीतीची स्वप्ने पडत असतील, मूल स्वतःला इजा करून घेत असेल, तर समुपदेशन आणि गरज पडल्यास औषधोपचार घ्या. ही मुले उपचारांनी चांगली सावरतात.

हे घडू नये म्हणून घरात काय करता येईल?

आधीच शब्द द्या. काहीही घडण्याआधी, एखाद्या निवांत संध्याकाळी मुलाला सांगा: ‘ऑनलाइन कोणी धमकी दिली, तर तुझी चूक असली तरी आधी आम्हाला सांग. आम्ही मारणार नाही, ओरडणार नाही, आणि सांगितलंस म्हणून फोन काढून घेणार नाही.’ हा शब्द वेळ आल्यावर पाळा. आईबाबांना सांगणे जमणार नसेल तर कोणाला सांगायचे, हेही ठरवून ठेवा. मावशी, आत्या, मामा, मोठी ताई, एखादे शिक्षक, कोणीही एक.

बातम्यांवरून बोला. ‘तू असं करतोस का?’ या प्रश्नाने बोलणे बंद होते. ‘पेपरात आलंय, एका मुलाला असं फसवलं. तू त्याचा मित्र असतास तर त्याला काय सांगितलं असतंस?’ या प्रश्नाने ते सुरू होते. मुलग्यांशीही बोला. अनेक घरांत सावधगिरीच्या सूचना फक्त मुलींना दिल्या जातात.

तीन नियम पाठ करून घ्या. प्रत्यक्ष न भेटलेल्या व्यक्तीशी व्हिडिओ कॉल नाही. चेहरा किंवा शरीराचा खासगी फोटो कोणालाही नाही, कितीही विश्वास असला तरी. आणि ‘हे घरी सांगू नकोस’ असे जो म्हणतो, त्याच्याबद्दल घरी नक्की सांगायचे.

जन्मतारीख खरी टाका. इन्स्टाग्रामवर किशोरवयीनांचे खाते आपोआप खासगी राहते आणि अनोळखी व्यक्तींना त्यांना थेट मेसेज पाठवता येत नाही. पण खाते उघडताना मुलाने वय वाढवून टाकले असेल तर हे संरक्षण मिळत नाही. मुलासोबत बसून हे तपासा.

रात्री फोन खोलीबाहेर. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. घरातले सगळ्यांचे फोन, आईबाबांचेही, रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा. नियम सगळ्यांना सारखा असला की मुले तो मानतात.

लपून पाळत ठेवू नका. लहान वयात फॅमिली लिंकसारखे अ‍ॅप मुलाला सांगून वापरायला हरकत नाही. मोठ्या मुलाचे चॅट चोरून वाचले आणि ते त्याला कळले, की तो दुसरे खाते उघडतो, आणि मग तुम्हाला काहीच कळत नाही.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटो खरोखरच नातेवाइकांना पाठवला तर?
अनेकदा धमकी ही धमकीच राहते, पण तसे झालेच तर ज्यांना तो आला असेल त्यांना एवढेच सांगा: ‘मुलाला कोणीतरी फसवलं आहे, पोलिसांत तक्रार दिली आहे, फोटो डिलीट करा, पुढे पाठवू नका, तो गुन्हा आहे.’ पालक ठाम उभे राहिले की लोकांची तोंडे लवकर बंद होतात आणि मुलाची मानही वर राहते.

फोटो मुलीने स्वतःच पाठवला होता. मग तक्रार कशी करायची?
तरीही करायची. एका व्यक्तीला विश्वासाने फोटो पाठवणे म्हणजे तो इतरांना दाखवायची किंवा धमकावायची परवानगी नव्हे.

आमच्याच मुलाने दुसऱ्या मुलीचा फोटो ग्रुपमध्ये पाठवला असेल तर?
प्रकरण दडपू नका. फोटो पुढे जाणे ताबडतोब थांबवा, वकिलांचा सल्ला घ्या, आणि त्या मुलीवर काय ओढवले आहे हे मुलाला समजावून सांगा. त्यालाही समुपदेशनाची गरज आहे.

शाळेला सांगावे का?
समोरची व्यक्ती त्याच शाळेतली असेल किंवा फोटो वर्गात फिरत असेल तर मुख्याध्यापकांना भेटा. नाहीतर किती जणांना सांगायचे, हे मुलाला विचारूनच ठरवा.

थोडक्यात

• फसणारे मूल वाईट नसते. त्याच्याविरुद्ध गुन्हा झालेला असतो.
• पैसे देऊ नका, पुरावे जपा, मग ब्लॉक करा, तक्रार करा.
• सायबर मदत १९३०, मुलांसाठी १०९८, मानसिक आधार १४४१६, रुग्णवाहिका १०८, तातडीची पोलीस मदत ११२. हे क्रमांक मुलाच्या आणि तुमच्या फोनमध्ये आजच साठवून ठेवा.
• आणि आज रात्री जेवताना मुलाला एवढे नक्की सांगा: ‘काहीही झालं, तरी आधी आम्हाला सांग.’

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. आपल्या मुलाच्या स्थितीबद्दल शंका असल्यास प्रत्यक्ष डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.